जुन्या सुट्या भागांतून हलकी रोड बाईक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात रविवारी सकाळी सिंहगड रस्त्याला चहाला थांबलो की कुणी ना कुणी माझी सायकल एका हाताने उचलून बघतं आणि मग प्रश्न सुरू होतात. कितीला पडली, कुठून जमवली, मला जमेल का. गेल्या काही वर्षांत स्वतःसाठी दोन आणि मित्रमंडळींसाठी चार-पाच सायकली अशा जुन्या भागांतून उभ्या केल्या. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

साधारण किती पैशांत होतं आणि सायकल किती किलोची बनते?

सगळ्यांना लागू पडेल असा आकडा देता येत नाही, पण माझ्या आत्ताच्या सायकलचा हिशेब वहीत लिहिलेला आहे, तो देतो.

शिमानोच्या क्लॅरिस मालिकेचे गियर (मागे ८) असलेली, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आणि कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) असलेली जुनी सायकल १९,००० ला घेतली. शिमानोच्याच १०५ या वरच्या गियरसंचाचे, ५७०० मालिकेतले (मागे १० गियर) शिफ्टर (गियर बदलायचे लिव्हर), दोन्ही डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे भाग) आणि ब्रेक एकाच माणसाकडून १०,५०० ला मिळाले. त्याच मालिकेची क्रँक (पॅडलचे दांडे आणि पुढची दातेरी चक्रं) ३,५००, तिला नवीन बीबी (बॉटम ब्रॅकेट, क्रँक ज्यावर फिरते त्या बेअरिंग) १,४००. वापरलेली चाकं ९,५००. नवी कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) आणि नवी चेन मिळून ४,०००. नवे टायर-ट्यूब ५,६००. केबल आणि हँडलची टेप १,९००. सीट, सीटपोस्ट, हँडल आणि स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा तुकडा) सगळं वापरलेलं, ३,७००. मेकॅनिकची मजुरी १,५००. बेरीज ६०,६००. मूळ सायकलची चाकं, गियर आणि सीट विकून ११,५०० परत आले. निव्वळ खर्च ४९,१००.

घेतली तेव्हा सायकलचं वजन १० किलो ३५० ग्रॅम होतं. आता पॅडल आणि बाटलीच्या दोन जाळ्या धरून ८ किलो ६०० आहे. पावणेदोन किलो उतरलं. यात चार महिने गेले. हे चार महिने हिशेबात धरा, कारण घाई केली की हीच बेरीज सहज १५ हजारांनी फुगते.

आधी हलकी फ्रेम घेऊ आणि मग त्यावर एकेक भाग चढवू, असं चालेल?

बहुतेक जण इथेच अडकतात. नुसती फ्रेम ८ हजारांत मिळाली म्हणून आनंद होतो. नंतर कळतं की तिला हेडसेट (फोर्क ज्यावर वळतो त्या बेअरिंग) नाही, सीटचा क्लँप नाही, डिरेलरचा हँगर (तो फ्रेमला लटकवायचा तुकडा) वाकलाय, केबलचे टोकाचे अडाप्टर गायब आहेत. या बारीकसारीक वस्तू एकेक करून घेताना प्रत्येकीला ३०० ते ८०० रुपये जातात, आणि शोधण्यात आठवडे.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे : आधी चालू स्थितीतली अख्खी सायकल घ्या. ती पहिल्या दिवसापासून चालवता येते, माप बरोबर आहे की नाही ते महिनाभरात अंगाला कळतं, आणि बारीक भाग फुकटात येतात. मग एकेक भाग बदलत जा आणि निघालेला विकत जा.

मूळ सायकल कशी निवडायची?

फ्रेम आणि फोर्क बघून. गियर कुठले आहेत याकडे जवळजवळ दुर्लक्ष करा, ते तसेही बदलायचेत. अ‍ॅल्युमिनियमची चांगली फ्रेम साधारण १,३०० ते १,५०० ग्रॅमची असते. फोर्क कार्बनचा हवाच. लोखंडी फोर्क किलोभर भरतो, कार्बनचा ५०० ते ६०० ग्रॅम. नंतर फोर्क बदलायला गेलात तर तो एकटाच बजेट खाऊन टाकतो.

आपल्याकडे लॉकडाउनच्या काळात हौसेने घेतलेल्या आणि आता बाल्कनीत उभ्या असलेल्या सायकली बऱ्याच आहेत. ट्रेक, जायंट, मेरिडा, स्कॉट, बियांकी, ट्रायबन, सगळं दिसतं. शंभर-दोनशे किलोमीटर चाललेली सायकल मिळाली तर तिचं सोनं होतं. मात्र टायर आणि केबल उभ्या-उभ्याच जुन्या होतात, ते धरूनच घासाघीस करा.

माप चुकलं तर स्टेम बदलून भागतं ना?

थोडंसं भागतं, एका मापापुरतं. त्यापुढे नाही. फ्रेम मोठी असेल तर आखूड स्टेम लावून हँडल जवळ येतं, पण सायकल वळणावर बुजल्यासारखी वागते.

ढोबळ हिशेब असा : अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, दोन्ही पायांत एक जाडजूड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत सेंटीमीटरमध्ये मोजा. त्याला ०.६५ ने गुणा. ८० सेंटीमीटर आले तर ५२ ची फ्रेम. ५ फूट ७ इंच उंचीला बहुतेकदा ५२ ते ५४ लागते. ५ फूट २ इंचाच्या आसपासच्या मैत्रिणींना ४८ शोधावी लागते आणि ती बाजारात कमी येते. तेव्हा दिसली की फार विचार करत बसू नका, त्याच दिवशी बघायला जा.

घरी आजोबांची हर्क्युलिस आहे. तीच हलकी करता येईल का?

हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि उत्तर देताना मला वाईट वाटतं. नाही. ती सायकल २० किलोच्या पुढे असते. तिच्या रिमचा व्यास ६३५ मिलीमीटर, रोड बाईकचा ६२२. म्हणजे नवीन चाक घातलं तर ब्रेकचे रबर जागेवर पोचत नाहीत, आणि ब्रेक तर दांडीचे. क्रँक कॉटर पिनेवर बसवलेली. मागे गियरची कॅसेट मावेल एवढी रुंदी नाही. एकेक अडचण सोडवता सोडवता फ्रेम कापण्याची वेळ येते.

ती कापू नका. हबमधले छर्रे बदलून घ्या, ताजं ग्रीस भरा, दूध-भाजी आणायला वापरा. अशा सायकली आता पुन्हा होणार नाहीत.

वजन नेमकं कुठे उतरतं? पैसा आधी कशावर घालू?

प्रत्येक भाग घेण्याआधी मी एकच भागाकार करतो : हा भाग घेतला तर किती ग्रॅम कमी होणार आणि ग्रॅमला किती रुपये पडणार. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा त्यासाठी पुरतो. चाकांसाठी बॅगा तोलायचा लटकता काटा घ्या.

माझ्या सायकलचे आकडे असे निघाले. सीट, सीटपोस्ट, हँडल, स्टेम मिळून ३४० ग्रॅम उतरले, ग्रॅमला ११ रुपये. क्रँक आणि बीबी ३४० ग्रॅम, १४ रुपये. टायर-ट्यूब ३१० ग्रॅम, १८ रुपये. चाकं ५०० ग्रॅम, १९ रुपये. कॅसेट आणि चेन १३० ग्रॅम, ३१ रुपये. आणि ज्याच्यावर सगळ्यांचा जीव असतो तो १०५ चा संच? जेमतेम ११५ ग्रॅम, ग्रॅमला ९० रुपयांच्या वर.

तो संच मी गियर नेमके आणि हलक्या हाताने पडावेत म्हणून घेतला आणि त्याचं समाधान रोज मिळतं. पण वजनासाठी घेत असाल तर तो यादीत शेवटी ठेवा. मूळ सायकलवरची सीट नक्की तोला. साध्या गादीवाल्या सीट ४०० ग्रॅमपर्यंत जातात, आणि २४० ग्रॅमची वापरलेली चांगली सीट हजार-बाराशेत मिळते.

एक किलो कमी झाल्याने खरंच फरक पडतो का?

चढावर पडतो, आणि तो मोजता येतो. सिंहगडाचा पायथ्यापासूनचा घाट साधारण ९ किलोमीटर आणि ६०० मीटरचा चढ. मी, सायकल, पाणी, कपडे मिळून आधी ८१ किलो वर न्यायचो. त्यातून पावणेदोन किलो गेले म्हणजे दोन टक्क्यांहून थोडं जास्त. तासाभराच्या चढाला सव्वा मिनिट वाचतं. सपाटीवर, म्हणजे सोलापूर रस्त्याला वगैरे, हा फरक जवळपास शून्य. तिथे वारा आणि टायर ठरवतात.

चाकाच्या कडेचा एक ग्रॅम इतर दोन ग्रॅमांच्या बरोबरीचा, असं सर्रास सांगितलं जातं. वेग पकडताना ते खरं आहे. एका लयीत घाट चढताना चाकाचा ग्रॅम आणि सीटपोस्टचा ग्रॅम सारखाच. तरीही चाकं आणि टायर मी वर ठेवतो, कारण चांगला टायर कमी घर्षणाने पळतो आणि तो फायदा सपाटीवरही मिळतो.

वापरलेली फ्रेम बघताना काय बघू?

सायकल उलटी करा आणि उन्हात न्या. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बऱ्याच गोष्टी दिसत नाहीत.

हेडट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीच्या) मागे, जिथे खालची तिरकी नळी जोडलेली असते, तिथे खालच्या बाजूने अंगठा फिरवा. समोरून धडक बसलेली असेल तर तिथे रंगाला बारीक सुरकुती येते, डोळ्याला दिसण्याआधी नखाला लागते. तशी सुरकुती लागली की पुढे काही बोलू नका, नमस्कार करून निघा. मग बीबीच्या भोवतालचे वेल्डिंग, मागच्या चाकाचा एक्सल बसतो ते दोन्ही डोळे, सीटपोस्ट जिथे शिरते ती कड. रंगावरचा ओरखडा वेगळा आणि चीर वेगळी. ओरखडा कापडाने पुसल्यावर बोथट दिसतो, चिरेत मळ अडकून काळी रेघ राहते.

सीटपोस्ट वर-खाली करून दाखवायला सांगाच. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये कार्बनचा किंवा कार्बनमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट वर्षानुवर्षं हलवला नसेल तर तो गंजाने धरतो आणि पुढे कापून काढावा लागतो. घरात ट्रेनरवर (जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) चालवलेल्या सायकलींवर घाम ठिबकून हेडसेट आणि स्टेमचे बोल्ट खराब झालेले असतात. रत्नागिरी-मालवणकडच्या किंवा मुंबईत समुद्राजवळ राहिलेल्या सायकलींचंही तेच. केबल जिथे फ्रेमला टेकते तिथे रंग फुगलाय का ते बघा.

कार्बनची फ्रेम असेल तर एका रुपयाच्या नाण्याने सगळीकडे हलकेच टकटक करा. आवाज एकसारखा टणक यायला हवा. मधेच भदभद आवाज आला तर आत थर सुटलेत. ही चाचणी पुरेशी नाही हेही सांगतो. ज्या कार्बन सायकलच्या मालकाला तुम्ही ओळखत नाही आणि पडझडीचा इतिहास माहीत नाही, ती कमी बजेटमध्ये घेऊ नये असं माझं मत आहे. अ‍ॅल्युमिनियममध्ये तीनशे-चारशे ग्रॅम जास्त जातात, पण घाट उतरताना मनात शंका राहत नाही.

जुनी चाकं घेताना फसायला होतं का?

सर्वात जास्त इथेच होतं. माझंही झालंय. एकाकडून सुरेख दिसणारी चाकं घेतली. फिरवून बघितली, आउट (रिमचं डावी-उजवीकडे डुलणं) अजिबात नव्हतं, हब लोण्यासारखे फिरत होते, १,६०० ग्रॅम वजन. घरी आणून टायर उतरवला आणि रिमच्या ब्रेक लागणाऱ्या बाजूला स्टीलची पट्टी आडवी धरली, तर पट्टी आणि रिम यांच्यामधून उजेड दिसला. दोन्ही बाजू आत खोलगट झाल्या होत्या. पावसाळ्यात ब्रेकच्या रबरात वाळू अडकते आणि ती कानशीसारखी रिम घासत राहते. अशी रिम एखाद्या दिवशी ९० पीएसआय हवेच्या दाबाने फुटते, आणि ती घाट उतरतानाच फुटण्याचा संभव जास्त, कारण ब्रेकने तापते. ती चाकं मी परत विकली नाहीत. हब काढून ठेवले आणि रिम भंगारात दिल्या.

तेव्हापासून पट्टी खिशात असते. बऱ्याच रिमवर बारीक खड्डा किंवा रेघ कोरलेली असते. ती पुसट झाली की रिम संपली.

पुढे स्पोक. दोन-दोन स्पोक चिमटीत धरून दाबत जा. ताण साधारण सारखा लागला पाहिजे. आउट थोडं असेल तर चिंता नको, जाणता सायकलवाला दोनेकशे रुपयांत काढून देतो. पण आउट काढण्यासाठी कुणीतरी काही स्पोक तारेसारखे ताणलेत आणि शेजारचे ढिले सोडलेत असं दिसलं, तर रिमच वाकलेली आहे. निपलजवळ रिमला बारीक चिरा आहेत का तेही बघा. शेवटी चाक कानाजवळ धरून एक्सल बोटांनी हळू फिरवा. रवाळ लागलं तर छर्रे आणि कप दोन्ही तपासावे लागतील. छर्रे स्वस्त आहेत, कप नाहीत.

कुठला भाग कशाला बसतो ते कसं कळणार?

इथे थोडा अभ्यास लागतो. घाईत वाचू नका.

शिमानोच्या रोड मालिकांत ८, ९ आणि जुन्या १० गियरचे मागचे डिरेलर केबलच्या एका खेचीला सारखेच सरकतात. गियर किती ते शिफ्टर ठरवतो. म्हणजे तुमचा क्लॅरिसचा मागचा डिरेलर १० गियरच्या ५७०० शिफ्टरबरोबर व्यवस्थित चालतो. पैसे कमी पडत असतील तर आधी शिफ्टर, कॅसेट आणि चेन बदला, डिरेलर नंतर. ११ गियरपासून हे प्रमाण बदललं. आणि मोठा खड्डा इथे आहे : टियाग्रा ४७०० ही मालिका १० गियरची असूनही केबलची खेच नव्या पद्धतीची आहे. ४६०० चालते, ४७०० चालत नाही. मी एकदा ‘१० गियरचे टियाग्रा’ एवढं वाचून शिफ्टर घेतले. पहिले तीन गियर नीट पडले, मग डिरेलर गरजेपेक्षा जास्त सरकायला लागला आणि दोन दिवस मी केबलच घट्ट-ढिली करत बसलो. भागाच्या आतल्या बाजूला कोरलेला नंबर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. माउंटन बाईकचे १० गियरचे डिरेलरही वेगळ्या खेचीचे असतात.

मागच्या हबवर ८, ९, १० गियरची कॅसेट एकाच लांबीच्या बॉडीवर (हबचं नळकांडं, ज्यावर कॅसेट चढते) बसते. ११ ची बॉडी १.८५ मिलीमीटर लांब आहे. त्यामुळे ११ गियरच्या चाकावर तेवढा वायसर टाकून १० ची कॅसेट बसवता येते. उलट, ११ ची रोड कॅसेट जुन्या हबवर सहसा बसत नाही. चाकं घेताना ११ वाली मिळाली तर उत्तम, पुढची सोय होते. हबची रुंदी रिम ब्रेकच्या फ्रेमला मागे १३० मिलीमीटर. डिस्कची चाकं १३५ किंवा १४२ ची, ती नको.

बीबीचे प्रकार अनेक. फ्रेमच्या बीबी बसायच्या डब्याला आत आटे दिसले आणि रुंदी ६८ मिलीमीटर भरली तर तुमचं नशीब चांगलं. त्यात शिमानोची २४ मिलीमीटर दांड्याची क्रँक सरळ बसते आणि नवीन बीबी सगळीकडे मिळतो. रुंदी ७० आली तर ती इटालियन आट्यांची, त्याचा बीबी वेगळा. आटे नसून बेअरिंग ठोकून बसवलेले असतील तर त्याचं नेमकं नाव कळेपर्यंत क्रँक घेऊ नका.

सीटपोस्ट व्हर्नियरने मोजा. २७.२ आणि २७.० हा फरक डोळ्याला दिसत नाही, पण एक घसरतो आणि दुसरा शिरत नाही. हँडलचा मधला भाग हल्ली ३१.८ असतो, जुन्यांचा २६. स्टेम त्यालाच जुळणारा हवा. पुढचा डिरेलर काही फ्रेमवर बोल्टने बसतो, काहींवर पट्ट्याने. पट्ट्याचा असेल तर नळीचा व्यास मोजून घ्या.

जुनी अल्टेग्राची (शिमानोची १०५ च्या वरची मालिका) क्रँक स्वस्तात मिळतेय. घेऊ?

थांबा, आधी कोड बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानोने ११ गियरच्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँक तपासणीसाठी परत मागवल्या. अल्टेग्रा ६८०० आणि आर८०००, ड्युरा-एस ९००० आणि आर९१०० या त्या मालिका, १ जून २०१२ ते ३० जून २०१९ या काळात बनलेल्या. या क्रँकचे दोन भाग चिकटवून जोडलेले असतात आणि काहींमध्ये ते सुटून क्रँक तुटते. क्रँकच्या आतल्या बाजूला, पॅडल लागतं तिथे, दोन अक्षरांचा कोड असतो. त्यावरून ती या यादीत आहे की नाही ते कळतं. यादीतली असेल तर अधिकृत ठिकाणी तपासणी करून घेतल्याशिवाय वापरू नका, कितीही स्वस्त असली तरी. १०५ ची क्रँक या यादीत नाही, आणि वजनात फरक थोडासाच आहे. मी १०५ वरच थांबतो.

सिंहगडासाठी गियर कसे ठेवू?

पुढे ५० आणि ३४ दातांची क्रँक. मागे २८ दातांपर्यंतची कॅसेट असेल तर सर्वात हलक्या गियरमध्ये पॅडलच्या एका फेऱ्याला सायकल साधारण अडीच मीटर जाते, ३२ असेल तर सव्वादोन. मिनिटाला ६० फेरे मारले तर पहिल्यात ताशी ९ च्या थोडं वर, दुसऱ्यात ८. वरच्या टप्प्यातल्या उभ्या वळणांवर ८ चा वेगही पुष्कळ असतो. नव्याने चढायला लागला असाल तर ३२ घ्या, पन्नासेक ग्रॅम वाढले तरी. त्यासाठी मागचा डिरेलर लांब पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारा खालचा भाग) लागतो, आखूड पिंजरा २८ च्या आसपास थांबतो. गुडघे आयुष्यभर वापरायचे आहेत.

रिम ब्रेक की डिस्क?

या बजेटमध्ये रिम ब्रेक. नव्या सायकली बहुतेक डिस्कच्या यायला लागल्यामुळे रिम ब्रेकचे उत्तम भाग कमी किमतीत सुटतात, आणि ते हलकेही असतात. भर पावसात ताम्हिणी उतरायची असेल तर डिस्क निश्चित चांगले. रोज तसं चालवत असाल तर हलकेपणाचा नाद सोडा आणि डिस्कच घ्या.

जुन्या घ्यायच्याच नाहीत अशा वस्तू कुठल्या?

चेन, केबल, ब्रेकचे रबर, हेल्मेट. पडलेल्या सायकलवरचं हँडल आणि स्टेम. कार्बनचं हँडल तर ओळखीच्याकडूनही नको. टायर बाजूने भेगाळले नसतील आणि अगदी कमी चालले असतील तरच. कॅसेट वापरलेली चालते, पण तिचे दात शार्कच्या परासारखे एका बाजूला झुकले नसावेत. जुन्या कॅसेटवर नवी चेन जोर लावल्यावर उडत असेल तर कॅसेटही बदला.

आहे ती चेन संपली का ते पट्टीने कळतं. चेन ताणून एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर पिनेचा मध्य येतो. ती पिन १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. १/८ गेली असेल तर कॅसेटही खाल्ली गेली असणार.

शिफ्टर स्वस्तात मिळाला, पण दाबल्यावर क्लिकच होत नाही. गेला का?

बहुधा गेला नाही. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं होतं आणि छोटी खिटी दातात बसत नाही. रबरी हुड मागे दुमडा, आत डिग्रीझर मारा आणि शंभर-दीडशे वेळा लिव्हर दाबत राहा. काळं पाणी गळायला लागेल, मग एकदम टिक् असा पहिला आवाज येतो. तो ऐकायला फार बरं वाटतं! नंतर आत पातळ तेल सोडायला विसरू नका. विकणाऱ्याला मात्र ‘बिघडलेला’ म्हणूनच किंमत द्या.

५७०० किंवा त्यानंतरच्या, टेपखालून केबल जाणाऱ्या शिफ्टरमध्ये मागच्या गियरची केबल डोक्याजवळ एकेक तार तुटत जाते. गियर पडायला कुरकुर लागला की लगेच उघडून बघा. केबल पूर्ण तुटली आणि तिचं डोकं आत अडकलं तर काढताना नाकी नऊ येतात. मी दर पावसाळ्यानंतर ती केबल बदलतोच.

घरी जोडायला कुठली हत्यारं लागतील?

अ‍ॅलन कीचा चांगला संच, केबल कटर, चेन तोडायचं हत्यार, कॅसेटचं लॉक उघडायचं हत्यार आणि साखळीचा पाना, बीबीचा पाना, आणि ५ न्यूटन-मीटरच्या आसपास नीट चालणारा टॉर्क पाना. शेवटचा कुणाकडून तरी मागून आणा, पण वापरा. कार्बनच्या फोर्कवर स्टेम हाताच्या अंदाजाने आवळू नये. स्टेमवर आकडा छापलेला असतो, तेवढाच.

दोन आटे उलटे असतात हे भिंतीवर लिहून ठेवा : डावं पॅडल, आणि ६८ मिलीमीटर बीबीची उजवी बाजू. बीबी बसवताना आधी हाताने तीन-चार फेरे सहज गेले पाहिजेत. अडला की मागे घ्या, आटे ब्रशने साफ करा, ग्रीस लावा, पुन्हा सुरू करा. तिरका शिरलेला बीबी पान्याने रेटला तर फ्रेमचे आटे जातात, आणि मग फ्रेमच जाते. हेडसेट ठोकणं, हँगर सरळ करणं आणि चाकाचं आउट काढणं ही कामं सायकलवाल्याकडेच द्या. जवळ उभं राहून बघता मात्र आलं पाहिजे, तेवढं त्याला आधी विचारून घ्या.

चोरीची तर नाही ना, हे कसं ओळखू?

बीबीच्या खाली फ्रेम नंबर असतो. तो खरवडलेला असेल तर विषय संपला. मूळ बिल मागा. बिल हरवलं म्हणत असतील तर जुने राइडचे फोटो मागा. ज्याने सायकल खरंच चालवली त्याच्याकडे ते असतातच. साध्या कागदावर फ्रेम नंबर, तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्या. किंमत संशय यावा इतकी कमी असेल तर सोडून द्या. त्या सायकलसाठी कुणीतरी झुरत असेल.

८.६ वरून आणखी खाली जाऊ का?

टीपीयूच्या (पातळ प्लॅस्टिकच्या) ट्यूब घातल्या तर जोडीमागे १२० ग्रॅम उतरतात आणि पैसेही फार लागत नाहीत. हे करण्यासारखं आहे, फक्त त्यांचे पॅच वेगळे असतात, ते बरोबर ठेवा. त्यापुढे प्रत्येक १०० ग्रॅमला किंमत झपाट्याने चढते. यूसीआयच्या (जागतिक सायकलिंग संघटनेच्या) शर्यतींतही २००० सालापासून ६.८ किलोच्या खाली सायकल चालत नाही, आणि ती माणसं त्यावर पोट भरतात. बोल्ट बदलून टायटॅनियमचे घालण्यापेक्षा त्या पैशांत २०० किलोमीटरची एक ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब राइड) करा. साडेतेरा तासांची मुदत असते, त्यात सायकलची प्रत्येक चूक बाहेर येते.

जोडून झाली. पहिल्यांदा कुठे नेऊ?

घाटात नेऊ नका. खडकवासल्यापर्यंत सपाटीने जा आणि परत या. खिशात ४, ५ आणि ६ च्या अ‍ॅलन की असू द्या. रिकामा रस्ता बघून दोन्ही ब्रेक जोरात दाबा, पुढचं चाक जमिनीवर ठेवून सायकल पुढे-मागे हलवा, हेडसेटमध्ये टकटक लागते का बघा. नव्या केबल पहिल्या ५०-६० किलोमीटरमध्ये बसतात, मग गियर थोडे सरकतात. मागच्या डिरेलरचा बॅरल अर्धा फेरा डावीकडे फिरवला की बहुतेक ठीक होतं. घरी आल्यावर क्रँक, स्टेम, सीटपोस्ट, सगळे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्कवर तपासा आणि चाकं फिरवून आउट बघा. शंभर किलोमीटरनंतर हेच पुन्हा.

मग पुढच्या रविवारी पहाटे साडेपाचला सिंहगड. पुढच्या जाळीत पाणी, मागच्या जाळीत पंक्चरचं सामान.